दात निखळणे (क्रीडा दुखापत)

खेळताना तोंडावर आघात होऊन दात मुळासकट खोबणीबाहेर पडणे, यास दात निखळणे असे म्हणतात. चेंडू, हॉकीची काठी किंवा प्रतिस्पर्ध्याचे कोपर लागून होणारी ही इजा बहुधा वरच्या जबड्यातील पुढच्या दातांना होते.

मुळावरील पेशी जिवंत असेपर्यंतच दात पुन्हा रुजू शकतो. तो कोरडा राहिल्यास त्या तासाभरात मरतात. म्हणून कायमचा दात मुळाला स्पर्श न करता उचलावा, मळला असल्यास न घासता हलकेच धुवावा आणि खेळाडू शुद्धीवर असल्यास लगेच खोबणीत बसवून दंतवैद्य गाठावा. ते शक्य नसल्यास दात दुधात ठेवून न्यावा, पाण्यात नव्हे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. त्यामुळे खाली वाढणाऱ्या कायमच्या दातास अपाय होऊ शकतो.

मुष्टियुद्धात माऊथगार्ड अनिवार्य असतो; हॉकी व कबड्डीतही त्याच्या वापराने हा धोका कमी होतो.