विनातारी रोबोट आणि जलतरण तलावाची स्वच्छता

घरच्या जलतरण तलावात सोडलेला विनातारी रोबोट बॅटरीवर चालतो. त्याचे फिरते ब्रश तळाला चिकटलेला मळ सुटा करतात, पंप पाणी आत ओढतो आणि पाने, वाळू जाळीत अडकतात. गाळलेले पाणी पुन्हा तलावात जाते. जिवाणू मात्र इतके सूक्ष्म असतात की ते या जाळीतून सहज निसटतात. म्हणून लक्षात ठेवा : नितळ पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. जंतू मारण्याचे काम क्लोरीन करते. पाने व मळ यांवर क्लोरीन वाया जाते. ते काढून रोबोट फक्त मदत करतो. पोहण्यापूर्वी चाचणीपट्टीने दोन गोष्टी तपासा : मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम आणि सामू ७ ते ७.८. सामू वाढला की क्लोरीनची जंतुनाशक शक्ती घटते.