कथासार आणि अभिप्राय : लुप्त चित्रपटांच्या अभ्यासाची दोन साधने

चित्रपटाचे पाच-दहा ओळींचे कथासार आणि त्याच्याविषयीचा तितकाच त्रोटक अभिप्राय या दोन्ही गोष्टी वाङ्मयाच्या अभ्यासकाला क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. कादंबरीचा अभ्यास तिच्या सारांशावरून कोणी करीत नाही. मूळ ग्रंथ हाताशी असतो. चित्रपटाची स्थिती निराळी आहे. भारतीय मूकपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत. ज्या नायट्रेट फितीवर ते उतरविले होते ती अत्यंत ज्वालाग्राही आणि काळाच्या ओघात विघटित होणारी होती. पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोपर्यंत मूकपटांचे युग संपून तीन दशके लोटली होती. अशा चित्रपटांच्या बाबतीत सारांश आणि अभिप्राय हीच अभ्यासकाची प्रमुख साधने उरतात. म्हणून या साधनांवरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे निश्चित करणे अगत्याचे आहे.

कथासाराचे मुख्य उगमस्थान म्हणजे चित्रपटगृहात विकली जाणारी पुस्तिका. तीत नटवर्ग व तंत्रज्ञ यांची नामावली, कथेचा गोषवारा आणि बोलपटाच्या काळात गीतांचे शब्द दिलेले असत. नाममात्र किमतीची ही पुस्तिका प्रेक्षक मुख्यतः गीतांसाठी घेई. ती निर्मात्याच्या वतीने निघत असल्यामुळे तिचे स्वरूप मूलतः जाहिरातीचे होते. त्यामुळे गोषवारा पुष्कळदा ऐन पेचप्रसंगाशी थांबे आणि पुढील कथा पडद्यावर पाहावी, असे वाचकास सुचविले जाई. अर्थात् शेवट कळण्यास ही पुस्तिका अनेकदा निरुपयोगी ठरते. शिवाय ती छापली गेल्यानंतर चित्रपटात काटछाट होणेही शक्य असे. १९१८ च्या कायद्यान्वये १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परिनिरीक्षण मंडळे काम करू लागली होती. पुस्तिकेत आढळणारा प्रसंग पडद्यावर होताच, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

कथासाराचे मोल विषयागणिक बदलते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ची कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती, तिचा सारांश नवे काहीच सांगत नाही. तेथे ती कथा दाखविली कशी, हाच प्रश्न असतो व त्याचे उत्तर अभिप्रायातच सापडण्याचा संभव असतो. सामाजिक चित्रपटाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे कथाच नवी असल्यामुळे गोषवारा हा स्वतंत्र पुरावा ठरतो.

सारांशात काय गळून जाते, हे पाहावयाचे तर आज उपलब्ध असलेला एखादा चित्रपट कसोटीला लावावा. प्रभात कंपनीच्या १९३७ मधील ‘कुंकू’चे कथासार दोन वाक्यांत सांगता येते. पोरक्या नीरेचे लग्न फसवणुकीने एका वृद्ध, विधुर वकिलाशी लावले जाते व ती त्याला पती मानण्यास नकार देते. अखेर वृद्धाला आपला अन्याय उमगतो आणि तिला मोकळी करण्यासाठी तो आत्मघात करतो. यात चूक काहीच नाही. तथापि हे वाचणाऱ्यास तो चित्रपट म्हणजे एक करुण उपदेशकथा वाटेल. भिंतीवरच्या घड्याळाला वृद्धाच्या सरत्या आयुष्याचे प्रतीक कसे केले आहे, अथवा पार्श्वसंगीत टाळून केवळ नैसर्गिक ध्वनींवर प्रसंग कसे उभे केले आहेत, याचा मागमूसही त्या दोन वाक्यांत लागत नाही. व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन ज्या गुणांसाठी वाखाणले जाते, नेमके तेच गुण सारांशातून वगळले जातात.

ही उणीव अभिप्राय भरून काढतो. परंतु त्यालाही स्वतःचे दोष आहेत. पहिला दोष हितसंबंधांचा. मुंबईहून १९३५ पासून निघणाऱ्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकातील बाबूराव पटेल यांची परीक्षणे त्यांच्या तिखटपणामुळे गाजली. परंतु त्याच पटेलांनी ‘द्रौपदी’ (१९४४) व ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट स्वतः दिग्दर्शित केले होते. परीक्षक त्याच व्यवसायात उतरलेला असताना त्याचे मत त्रयस्थाचे मानता येत नाही.

दुसरा दोष स्मृतीचा असून तो अधिक सूक्ष्म आहे. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये काढला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो, ही नारायण हरी आपटे यांची कथा त्यात होती. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ म्हणून त्याचा नेहमी उल्लेख होतो. मात्र तो आज पाहावयास मिळत नाही. आणि पेंटर यांनी हाच विषय १९३६ मध्ये पुन्हा बोलपटाच्या रूपाने हाताळला होता. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी आठवण नोंदविली आहे ती एका उदास झोपडीच्या मंद प्रकाशातील दूरदृश्याची आणि त्याबरोबर ऐकू येणाऱ्या कुत्र्याच्या रडण्याची. ऐकू आलेले रडणे बोलपटाचेच असणार, हे उघड आहे. परंतु वर्ष न पाहता हा अभिप्राय उद्धृत केला, तर १९३६ च्या चित्रपटाचे श्रेय १९२५ च्या चित्रपटास सहज जाईल आणि मूकपटाच्या वास्तववादाला एक असा पुरावा मिळेल की जो त्याचा नव्हेच. कथासार मात्र दोन्ही चित्रपटांना सारखेच लागू पडत असल्याने ही चूक उघडकीसही येणार नाही.

यावरून असे दिसते की, ही दोन साधने परस्परांना पूरक असली तरी ती एकत्र मिसळणे धोक्याचे आहे. कथासार काय घडले ते सांगते, पण निर्मात्याच्या सोयीने. अभिप्राय कसे दाखविले ते सांगतो, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने व पुष्कळदा कालांतराने. लुप्त चित्रपटाविषयी लिहिणाऱ्याने प्रत्येक विधानासोबत ते पुस्तिकेतून आले, समकालीन परीक्षणातून आले की उत्तरकालीन आठवणीतून आले, हे नमूद करावे; तसेच ते कोणत्या वर्षाच्या व कोणत्या भाषेतील आवृत्तीस उद्देशून आहे, तेही स्पष्ट करावे. ‘कुंकू’ हा हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला आणि मूळ कादंबरी ‘न पटणारी गोष्ट’ या नावाची होती, हे लक्षात घेतल्यास या दक्षतेची आवश्यकता पटेल. कथा एकच असूनही कादंबरीचे नाव निषेध नोंदविते, मराठी चित्रपटाचे नाव सौभाग्यचिन्हाकडे बोट दाखविते आणि हिंदी नाव समाजाच्या संमतीचा प्रश्न पुढे करते. म्हणजे शीर्षकातच अभिप्रायाचा अंश शिरलेला असतो. तो वेगळा काढून मगच कथेचा विचार केला, तर जे चित्रपट पुन्हा कधीच पाहावयास मिळणार नाहीत, त्यांच्याविषयी निदान जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगितले जाईल.