विश्लेषण : बाळ अजून बोलत का नाही? वाट किती पाहायची, मदत कधी घ्यायची?

मूल दोन वर्षांचे आहे. तहान लागली की ते आजीचे बोट धरून तिला स्वयंपाकघरात नेते आणि माठासमोर उभे करते. आजीला कळते, पेला भरला जातो. दिवसातून दहा वेळा हेच घडते, पण 'पाणी' किंवा 'मम' हा शब्द काही तोंडातून येत नाही. 'याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता', असे घरातले म्हणतात. 'घरात इतक्या भाषा, पोर गोंधळणारच', असे शेजारी सांगतात. व्हॉट्सॲपवर कोणी वेखंडाचा उपाय पाठवतो. या सगळ्यात सहा महिने, वर्ष सहज निघून जाते. भाषा शिकण्याच्या वयात हा काळ फार मोठा असतो. म्हणूनच कोणत्या वयात काय अपेक्षित आहे, घरी काय करता येते आणि तपासणी कधी करून घ्यायची, हे समजून घेणे गरजेचे आहे.

खोताच्या वाडीतल्या बाळाच्या कानावर काय पडते?

गिरगावातली खोताची वाडी तिच्या लाकडी जिन्यांच्या, कौलारू घरांसाठी ओळखली जाते. पण कानाने पाहिले तर ही वाडी म्हणजे भाषांचे संमेलन आहे. मराठी मातृभाषा असलेले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, त्यांची वेगळ्या ढंगाची मराठी, शेजारच्या घरांतली कोकणी वळणाची मराठी, दुकानातली गुजराती, रस्त्यावरची हिंदी आणि शाळेची इंग्रजी. सहा महिन्यांचे बाळ ओट्यावर मांडीत बसलेले असते, तेव्हा हे सगळे त्याच्या कानात साठत असते.

हे साठणे किती लवकर सुरू होते, याचा एक पुरावा आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. कॅनडातील संशोधक जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी भाषक घरांतल्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' हे ध्वनी ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तरीही सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र ही क्षमता खूपच घटलेली दिसली. जो भेद रोज कानावर पडत नाही, तो मेंदू बाजूला टाकत जातो. मराठी घरातले बाळ 'ताक' आणि 'टाक' यांतला फरक पुढेही ओळखू शकते, कारण तो त्याला रोज ऐकू येतो. थोडक्यात, पहिला शब्द वर्षाच्या आसपास येतो, पण भाषेचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

कोणत्या वयात काय अपेक्षित आहे?

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो. तरीही काही टप्पे ढोबळमानाने सर्वत्र सारखे दिसतात.

तीन-चार महिने : आवाजाला प्रतिसाद, 'आऽ', 'ऊऽ' असे सूर, बोलणाऱ्याकडे पाहून हसणे.

सहा ते नऊ महिने : 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड. नऊ महिन्यांच्या आसपास नावाने हाक मारल्यावर वळून पाहणे.

एक वर्ष : टाटा करणे, बोट दाखवणे, 'नाही' म्हटल्यावर क्षणभर थांबणे, एखादा अर्थपूर्ण शब्द. 'भूभू', 'काऊ', 'भुर्र' हे सगळे शब्दच मोजायचे.

दीड वर्ष : काही ठरावीक शब्द, साधी सूचना कळणे. उदाहरणार्थ, 'चप्पल आण'.

दोन वर्षे : साधारण ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी. 'आई ये', 'बाबा भुर्र', 'अजून मम'.

तीन वर्षे : छोटी वाक्ये, प्रश्न, आणि बाहेरच्या माणसालाही बरेचसे कळेल असे बोलणे.

उच्चारांचे गणित वेगळे असते. 'र' ऐवजी 'ल' किंवा 'बाळ' ऐवजी 'बाल' म्हणणे तीन वर्षांच्या मुलात सामान्य आहे. 'प', 'ब', 'म' हे ओठांचे ध्वनी लवकर येतात. 'र', 'ळ' यांना आणि जोडाक्षरांना वेळ लागतो. त्यामुळे बोबडे बोलणे आणि न बोलणे यांची गल्लत करू नये.

धोक्याची खूण कोणती?

वर्षापर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे किंवा टाटा करणे नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत (ऐकलेल्या वाक्याची नक्कल यात धरत नाहीत). आणि कोणत्याही वयात आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे होणे. यांपैकी एकही गोष्ट दिसली तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. शेवटची खूण सर्वांत गंभीर मानली जाते.

सुरुवातीच्या प्रसंगातले मूल आजीला माठाकडे ओढून नेते, ही गोष्टही डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे. ते फक्त हात ओढते, की माठाकडे बोट दाखवून मग आजीच्या चेहऱ्याकडे पाहते? दुसऱ्या प्रकारात शब्द नसला तरी संवाद आहे. पहिल्या प्रकारात, विशेषतः नजर मिळवणे आणि नावाला प्रतिसाद देणेही कमी असेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी करावी लागते.

पहिली तपासणी कानाची का?

बोलणे ऐकण्यातून येते. तरीही अनेक घरांत कानाची शंका शेवटी येते, कारण 'टाळी वाजवली की वळतो' हा घरगुती पुरावा हाताशी असतो. हा पुरावा अपुरा आहे. ताट पडल्याचा आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला 'स', 'फ' यांसारखे बारीक ध्वनी ऐकू येत नसतील, तर त्याला शब्द अर्धवटच पोहोचतात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचल्यानेही ऐकणे काही काळ मंदावते.

नवजात बाळासाठी 'ओएई' ही चाचणी असते. बाळ झोपलेले असताना कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत ती होते आणि दुखत नाही. गरज पडल्यास 'बेरा' ही पुढची चाचणी करतात. जगभर यासाठी एक-तीन-सहा हे सूत्र वापरले जाते : पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांची सुरुवात. बाळाची ही चाचणी झाली होती का, हे प्रसूतिगृहाच्या कागदांत पाहावे. झाली नसेल तर कोणत्याही वयात ती करून घेता येते.

घरात अनेक भाषा असल्याने मूल उशिरा बोलते का?

नाही. एकापेक्षा जास्त भाषा ऐकल्याने भाषाविकासात दोष निर्माण होतो, याला संशोधनाचा आधार नाही. शब्द मोजताना मात्र सर्व भाषा मिळून मोजावेत. मूल आजीकडे 'पाणी' आणि आईकडे 'वॉटर' म्हणत असेल तर ते दोन शब्द झाले. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हाही गोंधळ नाही. हाताशी असलेला शब्द मूल वापरते, मोठी माणसेही तेच करतात.

खरी अडचण वेगळीच आहे. पुढे इंग्रजी माध्यमात जायचे म्हणून अनेक पालक स्वतःला सहज न येणाऱ्या इंग्रजीत बाळाशी बोलू लागतात. मग संवाद 'कम', 'सिट', 'ईट' अशा आज्ञांपुरता उरतो. ज्या भाषेत मोठ्यांना चिडवता येते, गोष्ट सांगता येते, समजूत काढता येते, तीच भाषा मुलाला सर्वांत समृद्ध मिळते. तिच्या पायावर दुसरी भाषा उभी राहते.

मोबाइलवरची गाणी भाषा शिकवतात का?

अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या चमूने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग येथे महत्त्वाचा ठरतो. काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसे समोर बसून खेळली, पुस्तके वाचली. काहींना तीच माणसे पडद्यावर दाखवली, काहींना फक्त आवाज ऐकवला. मँडरिनमधले ध्वनी ओळखायला शिकली ती फक्त समोरासमोर खेळलेली बाळे. पडदा आणि ध्वनिमुद्रण यांचा परिणाम दिसला नाही.

कारण सोपे आहे. पडदा थांबत नाही आणि उत्तरही देत नाही. बाळाने 'बा' म्हटले तर माणूस 'हो, बाबा आला' म्हणतो. व्हिडिओ पुढच्या गाण्यावर जातो. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल याला अपवाद आहे. दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही अशाच आहेत.

घरी नेमके काय करायचे?

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. लागते ते संवादाचे येणे-जाणे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातले बोलणे नोंदवून मेंदूचे स्कॅन पाहिले गेले. मुलाने किती शब्द ऐकले यापेक्षा मूल आणि मोठ्यांमध्ये किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण झाली, याचा संबंध मेंदूच्या भाषेच्या भागातील हालचालीशी अधिक जोडलेला दिसला.

समोर बसा : मुलाच्या उंचीवर या. ओठ आणि चेहरा दिसू द्या.

थांबा : प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. बहुतेक मोठी माणसे दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतात.

एक शब्द वाढवा : मूल 'गाडी' म्हणाले तर 'हो, लाल गाडी', 'गाडी गेली' म्हणा.

चूक दाखवू नका, बरोबर ऐकवा : 'ताऊ आला' म्हटले तर 'हो, काऊ आला' एवढे पुरे. 'नीट बोल' म्हटल्याने मूल गप्प होते.

पर्याय द्या : 'केळं हवं की चिकू?' या प्रश्नाला मान हलवून उत्तर देता येत नाही.

परीक्षा घेऊ नका : 'हे काय? ते काय?' असा मारा करण्याऐवजी जे चालले आहे ते बोला. 'आता पीठ घेतलं, पाणी घातलं, गोळा केला.'

जिना चढताना पायऱ्या मोजणे, मासळी आणल्यावर बोंबील आणि सुरमई हातात धरून दाखवणे, गल्लीतल्या मांजराला हाक मारणे, झोपताना रोज तीच चिऊ-काऊची गोष्ट सांगणे, हे सगळे भाषेचे वर्गच आहेत. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणे हेही शिकण्याचे लक्षण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी, कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, त्यातूनच 'अंगणवाडी'ची कल्पना रुजली. वाडीतला ओटा हेही तसेच अंगण आहे.

वेखंड, मध, 'जीभ चिकटली' : यात तथ्य किती?

वेखंड उगाळून जिभेला लावल्याने वाचा फुटते, याला वैद्यकीय पुरावा नाही. मध तर वर्षाच्या आतील बाळाला देऊच नये. त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. जीभ खाली चिकटलेली असल्याने काही वेळा दूध ओढण्यात किंवा मोजक्या ध्वनींच्या स्पष्टतेत अडचण येते, पण मूल अजिबात न बोलण्याचे ते सहसा कारण नसते. मुलगे सरासरीने थोडे उशिरा बोलतात हे खरे. मात्र वर दिलेल्या धोक्याच्या खुणा मुलगा आणि मुलगी दोघांसाठी सारख्याच आहेत.

मुंबईत मदत कुठे मिळते?

गिरगावकरांना जवळचे ठिकाण म्हणजे मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर रुग्णालय. तेथे श्रवण आणि वाचा उपचारांचा विभाग आहे. वांद्रे पश्चिमेला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था तपासणी, उपचार आणि तज्ज्ञांचे प्रशिक्षण अशी तिन्ही कामे करते. परळचे वाडिया हे लहान मुलांचे रुग्णालयही जुने आणि परिचित आहे.

याशिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघर येथून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. यादीत श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब आणि स्वमग्नता यांचाही समावेश आहे. अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा करण्याची तरतूद आहे. अंगणवाडी सेविकेकडे याची चौकशी करता येते.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यावे?

स्पीच थेरपी म्हणजे मुलाला खुर्चीत बसवून शब्द घोकवणे नव्हे. लहान मुलांबाबत ती बहुतांशी खेळातून होते आणि तिचा मोठा भाग पालकांना शिकवण्याचा असतो. आठवड्यातला तज्ज्ञांकडचा एखादा तास आणि घरातला उरलेला सगळा वेळ, असा हा हिशेब आहे.

जाण्याआधी आठवडाभर एक वही ठेवावी. मूल म्हणते ते सर्व शब्द, ज्या भाषेत असतील त्या भाषेत, जसे उच्चारते तसे लिहावेत. हवी ती वस्तू ते कशी मागते, नावाला किती वेळा वळते, पडद्यासमोर किती वेळ असते, याची नोंद करावी. खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घ्यावा, कारण दवाखान्यात मूल बऱ्याचदा गप्प बसते. जन्माची कागदपत्रे आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असावे. आणि शक्य असल्यास आजीलाही न्यावे. दिवसभर मुलाबरोबर तीच असते, आणि माठासमोर पेला भरण्याआधी पाच आकडे थांबायचे आहे, हे तिलाच सर्वांत आधी कळायला हवे.