मार्गशीर्षातील ताम्रचंद्र

अमेरिकेतील यूटा संस्थानाच्या वैराण वाळवंटात नॅन्सी होल्ट या शिल्पकर्तीने 1973 ते 1976 या काळात काँक्रीटचे चार प्रचंड नळ, प्रत्येकी 18 फूट लांबीचे आणि आत माणूस ताठ उभा राहील एवढ्या व्यासाचे, अशा बेताने मांडले की अयनदिनांच्या सुमारास उगवता व मावळता सूर्य त्यांच्या तोंडात नेमका सापडावा. शिवाय त्यांच्या पाठींना कालेय, ययाती, कपोत व मकर या तारकासमूहांच्या आकृतींची भोके पाडली. 21 डिसेंबर 2010 रोजी, ऐन अयनदिनी, खग्रास चंद्रग्रहण लागले तेव्हा मात्र चंद्र तेथे माथ्याजवळ होता. सूर्यासाठी राखलेली ती तोंडे निरुपयोगी ठरून चांदण्याचे कवडसे छताच्या भोकांतूनच काय ते पडावयाचे. आपल्याकडे त्या वेळी भर दुपार होती.

चंद्र इतका वर का, याचे उत्तर सोपे आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य दक्षिणेच्या टोकाला गेला की चंद्र उत्तरेच्या टोकाला जातो. आणि सातारा-सांगलीच्या अक्षांशावर तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावरच येतो. (खरे उत्तरायण डिसेंबरच्या अयनदिनापासूनच, संक्रांतीच्या तिळगुळापूर्वी तीन आठवडे सुरू होते, हे पंचांगाभिमान्यांना रुचत नाही, त्याला इलाज नाही.)

पुढच्याच मार्गशीर्ष पौर्णिमेला, 10 डिसेंबर 2011 रोजी, दत्तजयंती होती, आणि कृष्णाकाठच्या औदुंबरास दत्तजन्माची सायंवेळ टळते न टळते तोच, सव्वासहाच्या सुमारास चंद्रबिंबाला छाया लागली. वेध तर तीन प्रहर आधीपासूनच सुरू झालेले. त्याहून दुर्मीळ योग पुढे आहे. 20 डिसेंबर 2029 ची रात्र सरताना, म्हणजे 21 च्या पहाटे, पुन्हा मार्गशीर्ष पौर्णिमेलाच ग्रहण लागेल, आणि त्याच दिवशी सायंकाळी सूर्य दक्षिण टोक गाठील. अडीचच्या सुमारास बिंबाच्या वरच्या कडेला काजळी धरू लागेल, पावणेचारपासून सुमारे 54 मिनिटे ते पूर्ण छायेत राहील, आणि पृथ्वीच्या वातावरणातून वाकून आलेला तांबडा प्रकाश तेवढा त्यावर पडत राहील. चांदण्याने पुसून टाकलेल्या मृगाच्या तारका शेजारी पुन्हा उमटतील.

पाहावयाचे तर माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी मुलखातून पाहावे. वाळवंट नसले तरी मुरूम, कुसळ आणि तुरळक बाभळी यांच्यापलीकडे तेथे क्षितिजाला अटकाव नाही. कलाकृतीची उणीवही फारशी भासू नये: सोलापूरनजीक बोरामणीच्या माळावर 15 फेऱ्यांचा दगडी चक्रव्यूह 2025 साली अभ्यासकांनी उजेडात आणला, आणि त्याहून लहान चक्रव्यूह सांगली-साताऱ्याच्या बाजूलाही आढळले आहेत. क्रीट बेटावरील प्राचीन नाण्यांवर अशाच आकृती दिसतात, त्यामुळे व्यापारी मार्गांचा विचार मनात येणे रास्त आहे. ग्रहगतीशी त्यांची सांगड घालण्याचा मोह मात्र आवरावा. चंद्रग्रहणास काळी काच लागत नाही, दुर्बीणही नाही. डिसेंबरातील पहाटे त्या माळावर घोंगडी मात्र हवीच.