अधिकारी आणि त्याचे कान

कचेरींत माणसाचा हुद्दा जसजसा वाढतो तसतशी त्याच्या कानांवर येणारी बातमी गाळून येऊं लागते. कारकून असतांना ज्याला सगळी बारीकसारीक कुरबुर ठाऊक असे, तोच मुख्य झाला कीं त्याला सर्व कांहीं सुरळीत असल्याचें ऐकूं येतें. हाताखालचीं माणसें लबाड असतात म्हणून हें होतें असें नव्हे. वरिष्ठाच्या कपाळावरची आठी तीं पाहत असतात, आणि ती आठी त्याची त्याला मात्र कधींच दिसत नाहीं. कचेरींत यापायीं बहुधा एखादें काम बिघडतें. विमानांत माणसें मरतात. या दुखण्याचा कसून अभ्यास वैमानिकांच्या धंद्यांत झाला तो यामुळेंच.

२८ डिसेंबर १९७८ च्या सायंकाळीं युनायटेड एअरलाइन्सचें एक डी. सी. ८ विमान अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं उतरावयाचें होतें. आंत १८९ माणसें होतीं. चाकें खालीं सोडतांना मोठा आवाज झाला, आणि तीं जागेवर घट्ट बसल्याची खूण देणारे दिवे नीट लागेनात. कॅप्टननें उतरणें लांबविलें. चाकांची तपासणी व प्रवाशांची तयारी करण्यांत विमान सुमारें एक तास घिरट्या घालीत राहिलें. इकडे इंधन आटत होतें. आणखी पंधरा मिनिटांत इंधनाची खरोखरच ओढ लागेल, असें फ्लाइट इंजिनिअर बोलला. सहवैमानिकानेंही इंधनाची विचारणा केली. पण दोघेही माहिती द्यावी तसे बोलले, ‘आतां उतरलेंच पाहिजे’ असें कोणी म्हटलें नाहीं. अखेर इंजिनें बंद पडत गेलीं आणि विमान विमानतळाच्या अलीकडे सुमारें सहा मैलांवर झाडींत कोसळलें. दहा जण मेले.

चौकशी मंडळानें १९७९ सालच्या अहवालांत दोष दोन्हीकडे वांटला. कॅप्टननें इंधनाकडे व सहकाऱ्यांच्या सूचनांकडे पुरेसें लक्ष दिलें नाहीं, आणि सहकाऱ्यांनीं आपली चिंता त्याच्या मनापर्यंत पोंचविली नाहीं. वस्तुतः यांतील एक चूक दुसरीस जन्म देते. आदल्या वर्षीं, २७ मार्च १९७७ रोजीं, टेनेरीफ बेटावर धुक्यांत दोन बोइंग विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसें दगावलीं होतीं. तेथेंही फ्लाइट इंजिनिअरनें धांवपट्टी मोकळी आहे ना अशी शंका काढली होती. कॅप्टननें ठाम उत्तर देऊन ती मिटविली. हा कॅप्टन कोणी नवशिका नव्हता, इतर वैमानिकांस शिकविणारा नामांकित ज्येष्ठ होता. शंका दुसऱ्यांदा निघाली नाहीं ती बहुधा त्या ज्येष्ठतेमुळेंच.

१९७९ सालीं नासा या संस्थेनें या प्रश्नावर परिषद भरविली, आणि १९८१ पासून युनायटेड कंपनीनें आपल्या वैमानिकांसाठीं नवें शिक्षण सुरू केलें. कामाची तळमळ किती आणि माणसांची कदर किती, या दोन मापांनीं प्रत्येकानें प्रथम स्वतःस मोजावयाचें. मग जमिनीवरील नकली कॉकपिटांत अडचणीचें उड्डाण करावयाचें आणि मागाहून त्याची चित्रफीत पाहावयाची. हा शेवटचा भाग सर्वांत गुणकारी म्हटला पाहिजे. आपण दुसऱ्याचें वाक्य कितीदां तोडलें हें डोळ्यांनीं दिसल्यावर वाद घालावयास जागा उरत नाहीं. पुढें असे वर्ग सर्वत्र निघाले, तेव्हां कांहीं वैमानिकांनीं त्यांस शिष्टाचाराची शाळा म्हणून हिणविलें. चार दिवसांत कोणाचा स्वभाव पालटत नाहीं हें खरेंच. परंतु संवय पालटतां येते.

१९ जुलै १९८९ रोजीं याच कंपनीच्या एका डी. सी. १० विमानाचें शेपटीकडील इंजिन हवेंत फुटलें आणि विमान वळविणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक व्यवस्था निकामी झाल्या. असा प्रसंग कोणत्याही शिकवणींत नव्हता. योगायोगानें प्रवाशांत कंपनीचा एक शिक्षक वैमानिक होता. कॅप्टन आल्फ्रेड हेन्स यांनीं त्याला आंत घेतलें आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करण्याचे दांडे त्याच्या स्वाधीन केले. तीस वर्षांहून अधिक नोकरी झालेल्या कॅप्टननें हें करावें, यांत किती अभिमान गिळावा लागला असेल! सुमारें ४४ मिनिटांनीं विमान आयोवांतील सू सिटीच्या धांवपट्टीवर आदळलें. २९६ पैकीं ११२ माणसें गेलीं, १८४ वांचलीं. हेन्स यांनीं पुढें आपल्या व्याख्यानांतून याचें श्रेय त्या शिक्षणास दिलें.

कचेरींत चित्रफीत नसते, पण कांहीं रीती तेथेंही चालतात. बैठकींत वरिष्ठानें आपलें मत अखेरीस सांगावें. लष्करी न्यायसभांतून कनिष्ठाचें मत आधीं घेण्याची चाल जुनीच आहे. ‘सर्व ठीक आहे ना?’ या प्रश्नास ‘होय, साहेब’ याखेरीज उत्तर नसतें. ‘यांत कोठें बिघडेल?’ असें विचारलें तर माणूस विचार करूं लागतो. आणि वाईट बातमी घेऊन प्रथम आलेल्या माणसास काय वागणूक मिळाली, हें सारी कचेरी पाहत असते. शस्त्रक्रियागृहांतही ही अडचण ओळखली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं काढलेल्या तपासणी-यादीप्रमाणें छेद घेण्यापूर्वीं तेथील प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावयाचें असतें. एकदां तोंड उघडलेली परिचारिका पुढें कांहीं चुकतांना दिसलें तर बोलावयास कमी कचरते.