कंपवाताचा रुग्ण गप्प गप्प राहतो? ‘वय झालं’ म्हणून सोडू नका

औंधच्या यमाईचा डोंगर दरवर्षी चढणारे आजोबा यंदा ‘नको’ म्हणाले, तर घरचे थरथरत्या हातांना दोष देतात. पण कंपवातात, म्हणजेच पार्किन्सन्समध्ये, मनही आजारी पडू शकतं.

किती जणांना?
साधारण तीनपैकी एका रुग्णात नैराश्याची लक्षणं दिसतात.

कारण काय?
आजाराचं दुःख असतंच. शिवाय मेंदूतील डोपामिन, सेरोटोनिनसारखी रसायनं कमी होतात. म्हणूनच काहींना कंप सुरू होण्याच्या काही वर्षं आधीच उदासी येते.

ओळखायचं कसं?
चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मंदावल्यानं चेहरा तसाही निर्विकार दिसतो. त्यामुळे अंदाज बांधू नका, विचारा. आवडती कामं सुटणं, झोप-भूक बिघडणं, ‘मी ओझं झालोय’ असं बोलणं दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना सांगा. जीव नकोसा झाल्याचं बोलले, तर तेवढंही थांबू नका.

उपाय काय?
औषधं, समुपदेशन, नियमित व्यायाम. मात्र पार्किन्सन्सच्या काही गोळ्या नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत चालत नाहीत. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून बंद करू नका.

मदत कुठे?
‘टेली मानस’ : १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही. नातेवाईकही फोन करू शकतात.