झाडाला लागलेले खुळखुळे

चैत्र लागला की ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं कारखान्यांवरून बीड जिल्ह्यात माघारी येऊ लागतात. शिरसाच्या शेंगा तोवर कडकडीत वाळलेल्या असतात आणि दुपारचा वारा सुटला की अख्खं झाड वाजतं. शहरातल्या ध्यान-शिबिरांत 'नैसर्गिक शेकर' म्हणून जे विकत घेतात, त्याचा माल इथं रस्त्याकडेला लोंबतोय. आपण त्याला खुळखुळा म्हणतो नि बाळाच्या हाती देऊन मोकळे होतो.

गुलमोहराचंच घ्या. झाड मूळचं मादागास्करचं. कॅरिबियन बेटांवर त्याची वाळकी शेंग गाण्याबजावण्यात साथीला हलवतात. आपल्याकडे ती आधी पोरांची तलवार होते, मग चुलीतलं सरपण. खरं तर ते आयतं वाद्य आहे. हातभर लांब, लाकडासारखी टणक शेंग आणि आत एकेक बी आपापल्या आडव्या खोबणीत. बीला पळायला जागा थोडी, म्हणून आवाज तुटक येतो. ताल धरायला बरा. शिरसाची शेंग पातळ, तिची नुसती सळसळ.

तागाची तऱ्हा वेगळी. हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग फुलोऱ्यात आला की गाडतात. त्यामुळे शेंगा दिसतात त्या बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यातच. शेंग इंचभराची, फुगीर. वाळली की आतल्या बिया सुट्या होतात. अशा काड्यांची जुडी सुतळीनं बांधून सावकाश हलवली तर पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसं वाजतं. मन निवायला माझ्या मते यापरता आवाज नाही.

शेंग झाडावरच वाळलेली घ्यावी. तिच्यावर बारीक गोल भोक दिसलं तर टाकून द्यावी, कारण बी भुंग्यानं पोखरलेलं असतं. कडू भोपळ्याचा खुळखुळा करायचा तर धीर हवा. भोपळा पुरता वाळायला महिने जातात. मग देठाशी कापून आतला वाळका गर खरवडायचा, मूठभर ज्वारी टाकायची, लाकडी बूच ठोकायचं. दाणे अर्ध्याच्या वर गेले की एकमेकांत अडतात नि आवाज बसतो. ज्वारी मऊ वाजते. खडे घातले तर कानाला टोचतं.

हे काही आजचं खूळ नव्हे. मोहेंजोदडोला भाजक्या मातीचे पोकळ, गोल खुळखुळे सापडलेत, आत मातीच्याच गोळ्या.

या आवाजानं रोग हटतो, असं सांगून कोणी शेंगा विकत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. निवांतपणाचं मात्र खरं आहे. अमेरिकेतल्या 11 रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या 272 बाळांवर झालेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अंगाईसोबत धातूचे मणी भरलेली एक चपटी, गोल तबकडीही वापरली होती. बाळाच्या श्वासाच्या लयीत ती हलकेच फिरवायची, की लाटेसारखा आवाज निघतो. अशा आवाजांनी बाळांच्या हृदयाचे ठोके संथ झाल्याचं दिसलं. लय बाळाची, वाजवणाऱ्यानं मागून जायचं. जोरजोरात खुळखुळा बडवणाऱ्या मामा-काकांनी एवढं ध्यानात घ्यावं.

बाळाच्या खुळखुळ्यात रंगाच्या मोहानं गुंजा भरू नयेत. फुटलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेततं. तागाची जुडीही थोरांनीच वाजवावी, बाळासाठी भोपळ्यात ज्वारी पुरे. बूच मात्र खिळ्यानं पक्कं करावं.